बेळगावात घरी बनवलेली बिअर कायदेशीर विकायची तर परवाना कोणता, खर्च किती?

घरातून विकता येणार नाही. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हाच गुन्हा आहे. विक्री तर पुढची गोष्ट. मित्रांना पाजायला केली तरी सुटका नाही.

छोट्या प्रमाणात करायचं तर मार्ग एकच, मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा छोटा कारखाना. त्यासाठी हाताशी परवानाधारक हॉटेल, बार किंवा क्लब लागतो आणि बिअर तिथेच ग्लासातून विकायची. बाटलीत भरून दुकानांना द्यायची म्हणजे पूर्ण ब्रुअरीचा परवाना, वर राज्याच्या पेय महामंडळामार्फतच विक्री. घरगुती उत्पादकाला ते झेपत नाही.

परवाना शुल्क दरसाल भरायचं, अबकारी वर्ष १ जुलै ते ३० जून. पण खरा पैसा टाक्या, शीतकरण आणि जागेत जातो. नवी यंत्रं घेतली तर एकूण आकडा कोटीच्या घरात जाऊ शकतो. शिवाय उत्पादन शुल्क, अन्नसुरक्षा परवाना, महापालिकेची परवानगी.

आपल्याकडचे बरेचजण चंदगड, कोल्हापूर किंवा गोव्यातल्या ओळखीवर विसंबतात. कृपा करून तसं करू नका. तिथला परवाना इथे चालत नाही, आणि तिकडून विक्रीसाठी माल आणला तर गाडीसकट जप्त होतो. आधी बेळगावच्या अबकारी कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं शुल्कपत्रक मागा, जागेचा करार त्यानंतर करा.