तिथीचं गणित, पावसाची बाटली आणि विजयदुर्गाचे ओटे
(वाचक विचारतात : निसर्ग आणि विज्ञान)

यावेळची पत्रं बहुतेक सगळी समुद्राकाठची आहेत, आणि जवळपास प्रत्येकात मोबाईलचा उल्लेख आहे, कुणाला तो नको झालाय तर कुणाला रेंज नाही म्हणून अडलंय. सगळी छापता येत नाहीत, त्यामुळे सहा निवडली.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. दिवसभर यूट्यूबवर सायन्सचे प्रयोग बघतो, मग मला सामानाची यादी देतो, आणि त्यातलं अर्धं इथे मिळत नाही. ऑनलाइन मागवलं की आठ दिवसांनी येतं तोवर त्याचा इंटरेस्ट संपलेला असतो. काय करू? (एक आई, गुहागर)

ताई, यादी बाजूला ठेवा. बेकिंग सोड्याचा तो ज्वालामुखी आता पुरे झाला, सगळ्यांनी बघितलाय. तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जो प्रयोग दिवसातून दोनदा आपोआप होतोय तो त्याला दाखवा, त्याला सामान म्हणजे वही, पेन आणि कालनिर्णय.

कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते असं सांगतील. चतुर्थी असेल तर 4 गुणिले पाऊण म्हणजे 3, दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तशीच पहाटे तीनला. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. गावागणिक अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, आणि नेमकं हेच त्याला शोधायला लावा. बंदराच्या धक्क्याच्या पायऱ्या आहेत ना, पाणी कितव्या पायरीला टेकलं आणि किती वाजता, एवढंच रोज लिहायचं, एक पंधरवडा. मग इन्कॉइस या हैदराबादच्या संस्थेच्या साइटवर भरती-ओहोटीचे अंदाज असतात, ते उघडायचे आणि आपल्या वहीशी ताडायचे. आधी वही, मग साइट, हा क्रम बदलू देऊ नका, कारण आकडा आधी कळला की पोरं तोच आकडा पायरीवर बघायला लागतात, मोठी माणसंसुद्धा.

आणि गणित आवडत असेल तर पुढची गोष्ट. एका चांद्रमासात 30 तिथी, तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण 24 तास सरकून परत जागेवर येते. म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. आपला पाऊण तास म्हणजे 45. रोजची तीन मिनिटं खाल्ली जातात, पंधरा तिथींत पाऊण तासाची चूक, पण पौर्णिमेला-अमावास्येला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते त्यामुळे चूक साठत जात नाही. होडीवर बसून तोंडी करायचा हिशोब आहे हा, त्याला एवढी चूक चालते. हे त्याला सांगू नका, विचारा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या असतात का हेसुद्धा विचारा. (नसतात. पण त्याला शोधू दे.)

उधाणाच्या ओहोटीला खडपं उघडी पडतात तेव्हा मोठ्या माणसाबरोबर जरूर जायचं. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, त्याच्या पोटाला चिकटलेले जीव उन्हात मरतात. निमुळता, नक्षीदार शंख जिवंत असेल तर हात लावायचा नाही, कोन जातीच्या गोगलगाई विषारी काटा मारतात. आणि पाणी फिरायच्या आत किनाऱ्याकडे परत, फोटो राहिला तर राहिला.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे रानात अळंबी भरपूर येतात. अॅपने फोटोवरून ओळखून खाण्याची आहेत की नाही सांगितलं तर विश्वास ठेवावा का? (संगमेश्वर)

नाही. सापाच्या बाबतीतही नाही. अॅप फोटोवरून अंदाज सांगतं, आणि दोन अळंबी वरून सारखी दिसून एक विषारी निघू शकते. घरात जी वर्षानुवर्षं ओळखून खाल्ली जातात तेवढीच खा, बाकीच्यांचे फोटो काढा.

प्रश्न : माझी शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी, वाडीत. प्रयोगशाळा नाही, माझा एक मोबाईल आहे आणि रेंजसाठी सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) जावं लागतं. पावसाळ्यात मुलांकडून करून घेता येईल असं एखादं काम सुचवा. (एक शिक्षिका, राजापूर तालुका)

बाई, सड्यावर जावं लागतं ही तक्रार मला तरी फायद्याची वाटतेय, त्याकडे येतो. आधी पाऊस मोजा.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, खांद्यापाशी कापा, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाला जे उंचवटे असतात ते बारीक खडी घालून आणि वर पाणी ओतून झाकून टाका, त्या पाण्याच्या पातळीला शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवा. बाटली सरळ उभ्या भिंतीची हवी, कमरेत चेपलेली नको. झाड आणि पागोळी दोन्हीपासून लांब ठेवा. एवढं सगळीकडे सांगतात. कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की ही बाटली कोकणातल्या पावसाला पुरत नाही, तिची सरळ उंची असते पंधरा-सतरा सेंटीमीटर, त्यातली थोडी खडीत जाते, आणि आपल्याकडे जुलैतला एखादा दिवस 200 मिलिमीटर सहज ओततो. म्हणून सकाळी साडेआठला आणि शाळा सुटताना असं दोनदा मोजून ओतून टाकायचं, आणि रात्री जोराचा लागला तर शेजारच्या घरातल्या एखाद्या मोठ्या मुलाला कामाला लावायचं. साडेआठच का, तर हवामान खातंही 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, म्हणजे तुलना सरळ होते. त्यांच्या हिशोबात 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार धरतात, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.5 च्या वर गेलं की अत्यंत मुसळधार. वर्गाच्या भिंतीवर कागद लावून मुलांना रोज ठरवू द्या आज कुठला. तुमच्या महसूल मंडळाचा आकडा कृषी विभागाच्या महारेन साइटवर बघता येतो, आठवड्यातून एकदा रेंजमध्ये गेलात की उतरवून आणा. वाडीतला आणि मंडळातला आकडा जुळणार नाही, न जुळू दे, डोंगराच्या अलीकडे-पलीकडे पाऊस वेगळा पडतो हे मुलांना घरीच माहीत असतं, आता ते आकड्यात दिसेल.

मग छपराचं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटर धरलं आणि दिवसात 100 मिलिमीटर पडला तर 10,000 लिटर एका दिवसात व्हाळाला गेलं. मुलं हे एकदा स्वतः मांडतील आणि मग एप्रिलमध्ये वाडीत टँकर का येतो हा प्रश्न तुम्हाला विचारतील, त्याची तयारी ठेवा.

आता सडा. पाऊस थोडा उघडला की, ऑगस्ट-सप्टेंबरात, मुलांना घेऊन जा. कातळावर सीतेची आसवं निळी-जांभळी पसरलेली असतात, ती किडेखाऊ वनस्पती आहे, तिच्या ओल्या मातीतल्या भागाला बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. तिथेच कुठे दवबिंदू दिसेल, लालसर, चिकट थेंबांची. साधं भिंग पुरतं. आयनॅचरलिस्ट अॅपला फोटो काढताना नेट लागत नाही, लोकेशन चालू ठेवून फोटो काढून ठेवायचे, रेंज आली की चढवायचे, मग जगभरातले जाणकार नाव सुचवतात. पण एक करा, फोटो चढवायच्या आधी मुलांना त्याच झाडाचं चित्र काढू द्या. पाकळ्या किती, पान कुठे, कुठल्या खळग्यात होतं. घरी आजीला नाव विचारून आणू द्या. अॅपचं लॅटिन नाव शेवटी लिहायचं.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, आमच्याकडे 18 ऑगस्टला कार्यक्रमपण होतो. सर म्हणाले ते पूर्ण खरं नाही. मग खरं काय? आणि तसा प्रयोग घरी करता येईल का? (आठवीतली विद्यार्थिनी, विजयदुर्ग परिसर)

सर बरोबर आहेत आणि तुझा अभिमानही अगदी चुकीचा नाही.

18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याच्या सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून शिरून विजापूरकडून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता. किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात ते या ग्रहणाशी जोडलेले. पण ज्यांचं नाव घेतलं जातं ते इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणमला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटात पसरवून बघितला तेव्हा एक पिवळी रेघ दिसली. लॉकियरनी ती 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, बघितली आणि ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळत नाही हे धरून बसले. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला 1895 उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना तो युरेनियमच्या एका खनिजात सापडला. तेव्हा शोध एका दिवसाचा नाही आणि एका किल्ल्याचाही नाही. मला विचारशील तर ही गोष्ट ओट्यावर बसून एका साहेबाला शोध लागला यापेक्षा जास्त मजेची आहे.

प्रयोग कर. एक जुनी डीव्हीडी शोध, सीडीपण चालेल, पण डीव्हीडीवर रेघा जास्त दाट असतात, एका मिलिमीटरला साधारण 1350, सीडीवर 625, त्यामुळे रंग जास्त पसरतात. बुटाचा खोका, एका टोकाला केसाएवढी बारीक फट, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा तिरका आणि वर डोळ्यासाठी भोक. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासूनच्या विज्ञान खेळण्यांचा मोठा साठा आहे, बरंच मराठीत आणि सगळं फुकट, तिथे असं जुगाड करायची सवय लागते. आता जुना पिवळा बल्ब बघ, सगळे रंग सलग. ट्यूबलाइट बघ, रंग तुटक आणि मध्ये एक ठसठशीत हिरवी रेघ, ती पाऱ्याची. एलईडीत काय दिसतं ते मला लिहून कळव. मग घरातलं मोठं माणूस जवळ असताना गॅसच्या ज्योतीत मिठाचे दोन दाणे टाक, पिवळी रेघ चमकेल, ती सोडियमची, 589 नॅनोमीटरच्या आसपास. हेलियमची रेघ 587.5 ला. आता बघ किती जवळ आहेत. सुरुवातीला ती सोडियमची वाटली यात नवल नाही, तुझ्या खोक्यातून तर त्या दोन वेगळ्या दिसणारच नाहीत.

सूर्याकडे खोका रोखायचा नाही, कधीच. उजळ ढगाकडे बघ.

प्रश्न : डिसेंबरात आरे-वारेला रात्री लाटा निळ्या चमकताना बघितल्या. बाटलीत भरून घरी आणलं तर चमकेल का? (रत्नागिरी)

थोडा वेळ चमकेल, मग बंद. तो नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, मिलिमीटरच्या आगेमागे, पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरलं तर बारीक ठिपके नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. धक्का बसला की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया होऊन प्रकाश पडतो, म्हणून लाट फुटली की आणि पाय आपटला की चमकतं, शांत पाण्यात नाही. तिथेच प्रयोग करा : चंद्र नसलेली रात्र, गाडीचे दिवे बंद, मोबाईल खिशात, डोळे सरावेपर्यंत थांबा. रील काढणाऱ्यांनी टॉर्च मारून सगळ्यांची मजा घालवू नये ही हात जोडून विनंती. आणि फार दाट आला म्हणजे समुद्र खूश आहे असं समजू नका, दाट फुलोरा मेल्यावर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो.

प्रश्न : आम्ही दादरला राहतो, मे महिन्यात मालवणला जातो. दिराची मुलं तिकडेच असतात. माझी मुलं गेल्या गेल्या वायफाय विचारतात. सगळ्या मुलांना मिळून करता येईल असं काही? (एक चाकरमानी आई)

आहे, फक्त तुम्हाला चार दिवस उशिरा निघावं लागेल.

मालवणला 4-5 मेच्या सुमाराला दुपारी साडेबारा वाजून दोन-तीन मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायातच गडप होते, शून्य सावली दिवस म्हणतात त्याला. दादरला तो दिवस साधारण 15 मेला. तुमच्या गावाची तारीख बघायला अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाचं अॅप आहे. ऑगस्टमध्येही एकदा येतो पण तेव्हा ढग, सोडून द्या.

मालवणची मुलं त्या दिवशी खळ्यात एक मीटरची काठी उभी करतील, ओळंब्याने सरळ करून. तुमची मुलं तशीच काठी दादरला गच्चीवर. बाराला सुरू करून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण, सगळ्यात लहान सावली वहीत. मालवणला शून्य, दादरला सुमारे 5 सेंटीमीटर, उत्तरेकडे. त्यावरून कोन निघतो जवळजवळ 3 अंश, हे नववीतल्या दादाला त्रिकोणमितीने काढू दे, लहानांनी कागदावर एकास एक त्रिकोण काढून कोनमापकाने मोजायला हरकत नाही. नकाशाच्या अॅपवर दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर बघा, 330 किलोमीटरच्या जवळ येईल (हायवेचं अंतर घेऊ नका, आपला हायवे कसा आहे ते सगळ्यांना माहितीये). तीन अंशाला 330 तर 360 अंशाला किती? 39,600. ध्रुवावरून मोजलेला पृथ्वीचा घेर 40,008 किलोमीटर. दोन हजारांवर वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने याच युक्तीने घेर काढला होता, त्याच्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता, तुमच्याकडे आहे.

सावली मोजताना 5 मिलिमीटर इकडेतिकडे झाले की उत्तर दहा टक्क्यांनी हलतं, म्हणून काठीचं टोक टोकदार ठेवा आणि जमीन पातळीत आहे ना ते ताटात पाणी घालून बघा. मग 6 तारखेच्या गाडीने निघा. तिकडे पोचल्यावर महिनाअखेरपर्यंत रोज दुपारी तीच काठी बघायला सांगा, आता सावली दक्षिणेला पडत जाईल, आणि त्याचं कारण मुलांनी आपसात भांडून काढलं तर मला कळवा, पुढच्या अंकात छापतो.