भात कापायला माणूस मिळत नाही, म्हणून सात लाखांचं यंत्र घ्यावं का?

आजरा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. दीड एकर भात, गावी सत्तरीतले आई-वडील आणि एक म्हैस. स्वतः कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला, तिथंच खोली. लावणीला आणि कापणीला बायका मिळत नाहीत. म्हणून 3 लाखांची ठेव मोडायची, 4 लाख कर्ज काढायचं आणि 7 लाखांचं छोटं कंबाइन हार्वेस्टर, म्हणजे भात कापून तिथंच झोडणारं यंत्र, घ्यायचं, असा विचार आहे. स्वतःचं भात तर निघेलच, वर गावातली 80 एकर कापणी भाड्यानं मिळेल, असा त्यांचा हिशोब. खर्चाचे आकडे त्यांनी मन लावून लिहून पाठवलेत, त्यामुळं उत्तर देणं सोपं झालं.

नमस्कार. तुमच्या वडिलांच्या आठवणीपासून सुरुवात करतो. 2014 साली बायकांची हजेरी 150 रुपये होती, आज 400 आहे, असं ते सांगतात. साधारण भाताचा हमीभाव 2014-15 ला क्विंटलला 1,360 रुपये होता आणि 2025-26 ला 2,369 आहे. म्हणजे तेव्हा एका क्विंटलात नऊ बायकांची हजेरी भागायची, आता सहा बायकांचीही भागत नाही. गावात रोजगार महागला म्हणून कुरकुर चालते, पण आजरा-चंदगडकडच्या काजूच्या कारखान्यात सावलीत बसून काम मिळत असेल, तर चिखलात दिवसभर वाकून कोण उभं राहील? ही मजुरी पुन्हा उतरेल हे डोक्यातून काढून टाका. पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायची पद्धत, तीही मोडलीय, कारण पैरा फेडायला घरात माणूस लागतो आणि तुमच्यासारखी माणसं कागलला आहेत.

आता तुमचे आकडे. चिखलणी आणि मळणीयंत्राचे 9,000, बी-खत-औषधाचे 9,000. तरवा (रोपं) काढणं, लावण, दोन भांगलणी (खुरपणी), कापणी, बांधणी यांची मजुरी 28,000. एकूण 46,000 आणि भात निघालं 24 क्विंटल. म्हणजे क्विंटलला सुमारे 1,917 रुपये पडले, त्यातले 1,167 नुसत्या मजुरीचे. हमीभाव ठरवताना केंद्रानं 2025-26 साठी देशभराचा सरासरी खर्च 1,579 रुपये धरलाय, आणि त्यात घरच्या माणसांच्या राबण्याचीही किंमत आहे. तुमच्या 1,917 मध्ये आई-वडिलांचा एक दिवससुद्धा धरलेला नाही. हमीभावातलं खर्चावर पन्नास टक्के नफ्याचं गणित तुमच्या बांधापर्यंत का पोचत नाही, ते यावरून कळेल.

त्या 24 क्विंटलांपैकी 14 तुम्ही व्यापाऱ्याला 2,200 नं घातले. खर्च वजा जाता हातात जेमतेम 4,000 राहिले. त्यासाठी तुम्ही नऊ दिवस बिनपगारी रजा काढलीत, 700 च्या पगारानं ती 6,300 ला पडली. विकलेल्या भातात तुम्ही पदरचे पैसे घातलेत.

घरी ठेवलेल्या 10 क्विंटलांचं मात्र तसं नाही. त्यातून साडेसहा क्विंटल तांदूळ धरला, तर भरडणीसकट किलोला 31 रुपयांच्या आसपास पडतो. तसाच तांदूळ तुम्ही कागलच्या दुकानातून 50 नं आणता. म्हणजे वर्षाला बारा हजारांची बचत झाली, शिवाय म्हशीला पिंजर, म्हणजे भाताचं काड. खाण्यापुरतं भात तुम्हाला परवडतं, विकायचं परवडत नाही. दीड एकराचा एकच हिशोब मांडत होता, म्हणून हे दिसलं नाही.

तर यंत्र. 4 लाखांवर साडेअकरा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला 8,800 च्या घरात जातो, वर्षाचे 1,05,600. कमाईचा हंगाम मात्र दिवाळीच्या मागंपुढं वीसेक दिवसांचा, कारण सगळ्या गावाचं भात एकदमच पिकतं. तुमच्याकडचे दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे, मधले बांध आणि परतीच्या पावसानं ओली राहिलेली शेतं बघता दिवसाला अडीच एकरांच्या वर मी धरणार नाही. वीस दिवसांत 50 एकर. तुम्ही लिहिलेल्या एकरी 3,000 भाड्यानं दीड लाख. डिझेल आणि ड्रायव्हरचे एकरी 1,000 काढा, दुरुस्ती-विम्याचे 30,000 काढा, राहिले 70,000. हप्त्याला 35,600 कमी पडतात, ते पगारातून जाणार. 80 एकर खरंच मिळाले, तरी हप्ता भागून 24,000 उरतील आणि ठेवीवरचं बुडालेलं व्याज त्यातूनच भरून काढायचं. शिवाय ते वीस दिवस तुम्ही कागलला असणार की यंत्रामागं? पिंजर तुटून शेतात पसरतं, हेही विसरू नका. म्हैसवाले शेजारी याच कारणानं कापणी द्यायला कुरकुरतील.

माझं मत स्पष्ट आहे, हे यंत्र घेऊ नका. हंगामात बाहेरून येणारं यंत्र भाड्यानं लावा आणि पिंजर हवं तेवढा तुकडा हातानं कापा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदान मिळेल म्हणून विक्रेता घाई करत असेल, तर ध्यानात ठेवा: पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही, आणि पैसे नंतर खात्यावर येतात. भाड्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, ते तुमच्या पगारात मिळवून करपात्र होतं, हेही कोणी सांगितलेलं नसेल.

मग जमिनीचं काय? 25 गुंठे घरच्या भाताला ठेवा, तेवढ्यात 10 क्विंटल निघतात. उरलेल्या 35 पैकी पंधराएक गुंठ्यांत घनसाळ हे आपल्याकडचं भाताचं वाण करून बघा. उतारा कमी येतो, पण आजरा घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि कारखान्यातल्या सोबत्यांना तांदूळ करून थेट विकलात तर मजुरीचा भार दर उचलू शकतो. व्यापाऱ्याला भात म्हणून घालणार असाल, तर घनसाळच्या वाटेला जाऊ नका. बाकी वीस गुंठ्यांत मे अखेरीस कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) धूळवाफ पेरणी करा, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत थेट बी पेरा. तरवा आणि लावण दोन्ही वाचतात, पण तण दुप्पट माजतं, म्हणून तणनाशकाचं वेळापत्रक कृषी सहायकाकडून आधी लिहून घ्या. धाकट्या भावाची ऊस लावायची सूचना मला पटत नाही. एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, आकडा मोठा दिसतो, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते आणि तोडीच्या टोळ्यांची ओढाताण भाताच्या बायकांपेक्षा कमी नाही.

खेळत्या खर्चासाठी ठेवीला हात लावायचं कारण नाही. सोसायटीतून पीककर्ज घ्या. मुदतीत फेडलं तर 3 लाखांपर्यंत राज्यात व्याज शून्य पडतं. ठेव आई-वडिलांच्या दवाखान्यासाठी तशीच राहू द्या. विक्रेत्याला बुकिंगचे पैसे दिले असतील, तर आधी कोटेशनच्या मागच्या अटी वाचा, परताव्याची मुदत बघा आणि रद्द करत असल्याचं लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका.