औषधांची लांब यादी आणि झेड७९
पणजीच्या कार्यालयात बसून अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींचे कोडिंग (आजार आणि उपचारांना ठरलेले कोड देणे) तुम्ही आता सुरू करीत आहात, तेव्हा बारा औषधे दिसली म्हणून बारा कोड शोधत बसू नका. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतील निदान-कोडांच्या यादीतील झेड७९ हा गट दीर्घकालीन औषधोपचारासाठी आहे. तीव्र ब्रॉन्कायटिससाठी काही दिवस दिलेले प्रतिजैविक त्यात बसत नाही. मधुमेही रुग्ण इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही घेत असेल, तर झेड७९.४ (इन्सुलिन) आणि झेड७९.८४ (मधुमेहाच्या गोळ्या) हे दोन्ही द्यावेत. स्वतंत्र कोड नसलेली औषधे कितीही असली, तरी झेड७९.८९९ एकदाच येतो.

खरी कसोटी दुष्परिणामांची असते. वॉरफॅरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध सांगितल्याप्रमाणे घेऊनही त्यामुळे रक्तस्राव झाला, तर आधी त्या विकाराचा कोड आणि मग अशा औषधांच्या दुष्परिणामाचा टी४५.५१५ हा कोड, उपचाराचा टप्पा दाखवणाऱ्या सातव्या अक्षरासह, लागतो. मात्र हा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला असावा लागतो, यादीवरून आपण तो जुळवायचा नसतो. (सुरुवातीला मीही जुळवीत असे, आणि नोंदी तपासणीतून परत येत.) रुग्णाने स्वतःहून मात्रा कमी केली असेल, तर अल्पमात्रेचा (सांगितल्यापेक्षा कमी औषध घेतल्याचा) कोड लागतो, पण तो कधीही पहिला लिहीत नाहीत. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिसले म्हणून मधुमेह गृहीत धरू नये, कारण ते पीसीओएस या स्त्रियांमधील संप्रेरकांच्या विकारासाठीही दिले जाते. अशा वेळी डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवावा, आणि त्यात उत्तर सुचवू नये.