पॅरामीटरला कॉलमचंच नाव देऊ नकोस

पोस्टग्रेस डेटाबेसने ‘कॉलम रेफरन्स इज अँबिग्युअस’ (हे नाव कॉलमचं की पॅरामीटरचं, कळत नाही) म्हणून फंक्शन अडवलं, तर वैतागू नकोस, सुटलास म्हण. ९.० आवृत्तीपासून पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची फंक्शनं लिहायची भाषा) असा घोळ दिसला की थांबतं. मायएसक्यूएल थांबत नाही. तिथे पॅरामीटर जिंकतो, दोन्ही ‘आयडी’ तोच धरला जातो आणि ‘व्हेअर आयडी = आयडी’ लिहिलेलं डिलीट अख्खं टेबल धुऊन टाकतं. ओरॅकलमध्ये कॉलम जिंकतो, नुकसान तेच.

पॅरामीटरच्या नावाआधी ‘पी_’ लाव, कॉलमआधी टेबलचं नाव. आणखी एक गोम, जी बहुतेकांना उशिरा कळते: ‘रिटर्न्स टेबल’मधली, म्हणजे फंक्शन परत देणार त्या कॉलमांची, नावंही आत व्हेरिएबल्सच असतात. मग इन्सर्टमधलं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट (आयडी)’ (तो आयडी आधीच असेल तर काय करायचं ते सांगणारं) अडकतं, आणि त्या कंसात टेबलचं नाव चालत नाही. तिथे ‘ऑन कन्स्ट्रेंट’ लिहून कन्स्ट्रेंटचं, म्हणजे आयडी दुबार येऊ न देणाऱ्या नियमाचं, नाव दे. अशा घोळात कोण जिंकणार ते ठरवणारं ‘व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट’ सेटिंग मात्र सर्व्हरभर बदलू नकोस. फारच गरज पडली तर त्या एका फंक्शनपुरतं.