भेगाळलेले हात आणि रात्रीची खाज : हिवाळ्यातील त्वचेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात राहते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज कापूस वेचायला जावे लागते. बोटांच्या टोकांना चिरा पडतात आणि त्यांत वाळलेल्या बोंडाची टोके रुतून रक्त येते. टाचांच्या भेगांमुळे सकाळी पाय टेकवत नाही. खोबरेल तेल रोज लावते, तरी फरक नाही. कोणते क्रीम घ्यावे?

उत्तर : ताई, क्रीमचे नाव सांगण्याआधी तेल लावण्याच्या वेळेविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण आपण वापरता ते तेल चांगलेच आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्या पेशींच्या मधल्या स्निग्ध पदार्थांमुळे आतला ओलावा टिकून राहतो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात उत्तरेकडून गार आणि कोरडे वारे येतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा हवेत त्वचेतील पाणी झपाट्याने उडून जाते, वरचा थर ताठर होतो आणि ताण पडला की चिरतो. तळहात-तळपायांच्या त्वचेत तेलग्रंथी नसतातच, आणि टाचेवर तर सगळ्या शरीराचा भार येतो. म्हणून भेगा तिथेच आधी पडतात.

तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी अडवून धरते. कोरड्याठाक टाचेला चोळलेल्या तेलाचा उपयोग म्हणूनच फार थोडा होतो. रात्रीची कामे आटोपल्यावर पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, जाड झालेली कडा वज्रीने हलकेच घासावी, पाय टिपून घ्यावेत आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल तेल किंवा त्याहून चांगले म्हणजे साधी पेट्रोलियम जेली जाडसर लावून सुती मोजे घालून झोपावे. हातांनाही असेच करावे. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल वापरतात. ते थंडीत थिजते आणि भेगेवर चांगले टिकून राहते, त्यामुळे मिळाल्यास जरूर वापरावे. जवसाचे तेल मात्र हवेत सुकून चिकट थर धरते, ते खाण्यासाठीच ठेवावे. दोन आठवड्यांत भेगा मऊ झाल्या नाहीत, तर १० ते २० टक्के युरिया असलेले मलम औषधाच्या दुकानातून घ्यावे. रक्त येत असलेल्या भेगेत मात्र ते झोंबते, म्हणून आधी भेग मिटू द्यावी. शेतातल्या युरियाचा प्रयोग कोणीही करू नये.

राखेने किंवा कपड्यांच्या पावडरीने भांडी घासल्यावर हातांचे उरलेसुरले तेलही निघून जाते, कारण दोन्ही क्षारयुक्त असतात. प्रत्येक वेळी हात धुतल्यावर तेलाचे चार थेंब लावण्याची सवय ठेवावी. वेचणीला जाताना चिरलेल्या बोटांना चिकटपट्टी किंवा स्वच्छ सुती चिंधी गुंडाळावी. हरभऱ्याचे शेंडे खुडायला जात असाल, तर पानांवरची आंब चिरांना फार झोंबते, तेव्हाही हे करावेच. घरातील जो कोणी हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी करतो, त्याने भेगाळलेल्या उघड्या हातांनी औषध कालवू नये, कारण फाटलेल्या त्वचेतून विष अंगात सहज जाते. मधुमेह असल्यास टाचेची साल ब्लेडने कधीही काढू नये. भेग लाल झाली, सुजली किंवा पू आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी तिथेच विचारावे.

प्रश्न : वाशीम जिल्ह्यात आमची शेती आहे. वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. थंडी सुरू झाल्यापासून त्यांना रात्रभर खाज सुटते. कढत पाण्याने आंघोळ केली आणि शेकोटीजवळ बसले की बरे वाटते, असे ते म्हणतात. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवस आराम पडला, पण आता नातवालाही खाज सुटली आहे.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. वयोमानाने त्वचा कोरडी पडून हिवाळ्यात खाज सुटते हे खरे, परंतु ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. एकाच घरात दोघांना, रात्री वाढणारी खाज असेल आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती किंवा जांघेत बारीक पुरळ असेल, तर आधी खरजेची शंका घ्यावी. खरूज हा अस्वच्छतेचा ठपका नव्हे. डोळ्यांना सहज न दिसणारा किडा त्वचेत बीळ करतो आणि थंडीत एका गोधडीत झोपणाऱ्यांत तो लवकर पसरतो. डॉक्टरांनी निदान केल्यावर बहुधा ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम देतात. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी ते एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावावे, सकाळी आंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा लावावे. वृद्धांना आणि लहान मुलांना डोक्यालाही लावावे लागते का, हे डॉक्टरांना विचारावे. त्या काळात वापरलेले कपडे-पांघरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावीत. किडे मेल्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, त्यामुळे औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोळत राहू नये.

दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ते खाज दाबते, पण गजकर्ण आणि खरूज आत वाढत राहतात आणि त्वचा पातळ होते. ती ट्यूब आज थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.

तपासणीत खरूज नाही असे निघाले, तर वडिलांची आंघोळ कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांत आटोपावी. साबण काख, जांघा आणि पायांपुरता वापरावा, अंग ओलसर असतानाच तेल लावावे आणि लोकरीच्या स्वेटरखाली सुती बंडी घालावी. कढत पाण्याने वाटणारा आराम घटकाभराचा असतो. ते पाणी त्वचेतील स्निग्धता धुऊन नेते आणि रात्री खाज दुपटीने परतते. शेकोटीला नडग्या रोज भाजल्या, तर त्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. म्हणून बसायचेच असेल, तर अंतर ठेवून आणि पाय झाकून बसावे.

प्रश्न : वरुड भागात आमची संत्र्याची बाग आहे. चार महिन्यांच्या बाळाचे गाल थंडीने लाल होऊन उलले आहेत. सासूबाई संत्र्याच्या सालीची पूड बेसनात कालवून लावायला सांगतात. लावावी का?

उत्तर : लावू नये. सालीतील तेल आणि बेसनाचे घर्षण बाळाच्या कोवळ्या त्वचेला सोसत नाही. मोहरीचे तेलही टाळावे. सासूबाईंना मालिशच आवडत असेल, तर त्यांच्याच हातून आंघोळीनंतर खोबरेल तेलाची हलकी मालिश करून घ्यावी आणि दूध पाजण्यापूर्वी गालांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. गालांतून पाणी झिरपू लागले किंवा कोपराच्या-गुडघ्याच्या घड्यांतही तसेच चट्टे आले, तर बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.