फेनिटॉइन चालू असताना कलौंजीचं तेल किंवा उंडेल दिल्याने मेंदू वाचतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची फिटची गोळी, फेनिटॉइन, ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केल्यापासून त्यांचा चालताना तोल जातो, आणि गुहागरच्या नातेवाइकांनी कलौंजीचं तेल नाहीतर उंडेल (उंडीच्या बियांचं तेल) सुचवलंय.

उंडेल आधी बाजूला ठेवा. ते होडीच्या फळ्यांसाठी नि दिव्यासाठी. पोटात घ्यायचं नाही. करंजेलाचंही, म्हणजे करंजाच्या तेलाचंही, तेच.

कलौंजीचे प्रयोग झालेत, पण बहुतेक उंदरांवर. तेल औषधाच्या आधीपासून किंवा सोबत नळीने पोटात सोडतात आणि मग मेंदूच्या ऊतीत ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींचं रक्षण करणारं द्रव्य, किती टिकलं ते मोजतात. आधीच चढलेलं औषध त्याने उतरत नाही. मात्राही बघा: मोठ्या पांढऱ्या उंदराला किलोमागे १ मिली दिलं, तर माणसासाठी ६.२ ने भागायचं. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास १० मिली, म्हणजे दोन चमचे. एवढ्याने साखर आणि रक्तदाब उतरू शकतो. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. फोडणीत किंवा लोणच्यात कलौंजी खुशाल घाला.

माझ्या मते खरा घोळ त्या १०० मिलिग्रॅममध्ये आहे. यकृताची फेनिटॉइन मोडण्याची ताकद मर्यादित असते. ती संपली की मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातली पातळी उसळते. योग्य पातळी मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम. साधारण २० च्या पुढे बाजूला बघताना बुबुळं थरथरतात, ३० च्या पुढे तोल जातो, ४० च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. पातळी फार दिवस चढी राहिली तर लहान मेंदूतल्या पेशी मरतात, आणि त्या परत येत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना आजच फोन करा आणि फेनिटॉइन पातळीची तपासणी मागा. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं. सोबत अल्ब्युमिनही (रक्तातलं एक प्रथिन) तपासून घ्या, कारण सुमारे ९० टक्के औषध त्याला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असलं की पातळीचा आकडा ठीक दिसतो आणि मोकळं औषध मात्र जास्त असतं. क्षयाची आयसोनियाझिड किंवा बुरशीची फ्लुकोनाझोल चालू असेल तर तेही सांगा, दोन्ही पातळी वाढवतात. मिरीचे काढेसुद्धा सांगा. मिरीतल्या पिपेरिनमुळे हे औषध जास्त शोषलं जातं. (काढ्याला कुणी औषध मानत नाही, म्हणून ते सांगायचं राहून जातं.)

गोळी मनाने बंद करू नका, थांबता न थांबणारी फिट येऊ शकते. मात्रा किती आणि कशी उतरवायची ते डॉक्टर पातळी बघून ठरवतील.

तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तपासणीची वाट बघू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.