आधी गाव कुणाचं होतं ते बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इतिहासाचा प्रकल्प, विषय बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातल्या तुझ्या गावचा जुना आठवडी बाजार, तीन महिने बेळगावच्या कचेरीत हेलपाटे आणि दर खेपेला एकच उत्तर, 'जुनं काही नाही'. वर सर म्हणतात, गॅझेटियरमधून, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथातून, पंधरा पानं उतरव आणि मोकळी हो. यातलं बहुतेक सगळं मी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयानं लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

प्रकरणं कशी पाडायची, तळटीपा कशा द्यायच्या ते सर सांगतील. मला एवढंच सांगायचंय की तू बहुधा चुकीच्या दारात उभी आहेस. रायबाग कोल्हापूर संस्थानाकडे होतं. आजच्या तालुक्यातलं प्रत्येक गाव तसं होतं असं मी म्हणत नाही, तुझ्या गावापुरतं तू तपासून घे. पण गाव संस्थानातलं निघालं, तर १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्याचा वसूल, बाजाराचे हुकूम, तक्रारी हे सगळं कोल्हापूरकडे जायचं. बेळगावच्या कलेक्टरचा त्याच्याशी संबंध नव्हता. मग बेळगावात तुला काय सापडणार? कॉलेजचं पत्र घे आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात जाऊन ये.

मी हे कुठून शिकले ते सांगते. माझा विषय होता शहापूरचे विणकर. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. त्यामुळे मनात शंकासुद्धा आली नाही. बेळगाव जिल्हा इंग्रजांचा, तेव्हा शहापूरही इंग्रजांचं, असं मी धरूनच चालले. १८८४ चं जिल्हा गॅझेटियर समोर ठेवलं, त्यातली जिल्ह्याच्या करांची माहिती उचलली आणि इंग्रजी कर व शहापूरचे माग यावर बत्तीस पानांचं प्रकरण लिहून काढलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. म्हणाल्या, "शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं ना? मग हा कर तिथं कोण वसूल करत होतं?" मला एक शब्द बोलता आला नाही. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर त्यांच्याकडे होतं. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे माहीत होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

चूक माझीच. पण एका कचेरीचा राग अजून गेलेला नाही. पाच महिने कॉलेज बुडवून तिथे जात होते. आज साहेब नाहीत, उद्या अर्ज इंग्रजीत आणा, परवा कन्नडमध्ये आणा. शेवटी अर्जावर 'उपलब्ध नाही' एवढा शेरा मारून दिला. 'बाई, हे गाव तेव्हा आमच्याकडे नव्हतंच' हे एक वाक्य कुणी पहिल्या दिवशी बोललं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं, की सांगायचा कंटाळा होता, देव जाणे. कोवळ्या वयात असं होतं तेव्हा पोरं इतिहासच सोडून देतात. माझ्या वर्गातल्या दोघींनी सोडला.

बाईंनी दीड महिन्याची मुदत मिळवून दिली. एका जुन्या वाचनालयात सांगली संस्थानाचे छापील कारभार अहवाल मिळाले. खरा ठेवा मात्र एका विणकराच्या घरी होता. आजोबा खड्ड्याच्या मागावर बसलेले, पाय खाली पावड्यांवर, धोटा इकडून तिकडे पळतोय. विणता विणताच म्हणाले, फळीवर आमच्या वडिलांची चोपडी आहे, बघ. लाल कापडाची बांधणी, वर 'श्री', आत सगळी मोडी. सूत किती उचललं, लुगडी किती घातली, सावकाराची बाकी किती. प्रत्येक ओळीला तिथी. माझं प्रकरण तिथे होतं.

त्या तिथ्यांनीही मला फसवलं असतं. चोपडी दिवाळी पाडव्याला सुरू होते आणि शक बदलतो चैत्रात. म्हणजे एकाच चोपडीत दोन शक येतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारीपासून शक बदलेपर्यंतच्या नोंदींना ७९ मिळवावे लागतात. बाजाराचे हिशेब मिळाले तर हे आधी तपास. आणि मोडी शीक. रोज तासभर बसलीस तर दोन-तीन महिन्यांत हिशेबाचे कागद लागायला लागतात. पत्रांना जास्त वेळ लागतो.

गाव संस्थानात नसलं तरी हद्दीचा घोळ आहेच. चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आता कोल्हापुरात आहे. त्यामुळे तिकडच्या पोरांना उलटा प्रवास करावा लागतो. १९५६ नंतरचं काही हवं असेल तर इकडच्या कचेरीत अर्ज कन्नडमध्येच दे. आपल्याकडे यावरून मनं दुखावतात हे मला कळतं, मलाही तेव्हा जड गेलं होतं. पण तुला कागद हवाय. मैत्रिणीकडून लिहून घे, पोच घे, तारखेचा शिक्का बघ. तोंडी विचारू नकोस.

माझा अनुभव पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. नियम, वेळा, फोटो काढायची परवानगी हे आता बदललं असेल, निघण्याआधी फोन करून खात्री कर. तुझ्या सरांना दुखवायचा माझा हेतू नाही, पण गॅझेटियर उतरवून प्रकल्प होत नाही हे माझं ठाम मत आहे.

आज रात्री घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचार, लहानपणी गावात वसुलीला कुठला माणूस यायचा, कोल्हापूरचा की बेळगावचा. काय सांगतात ते इथेच लिही. गावाचं नावही दे, पुढचं मी बघून सांगते.